नेगोव्हानची गाडी

१ डिसेंबर, शनिवार

त्राइलोकाकांनी आज मला साहाय्यक म्हणून नेमलं. मुलाखत त्यांच्या फाटकापाशीच झाली.

"प्रोफेसर, तुला गाडी चालवता येते?"

"नाही."

"इंजिनातलं काही कळतं?"

"नाही, काका."

"मग सोमवारी ये. जुने कपडे घालून."

इतक्या सरळ निकषांवर माझी निवड आजवर कुठेच झाली नव्हती. मी प्रोफेसरही नाही. पुण्याच्या एका पाक्षिकाला महिन्यातून दोनदा वार्तापत्र धाडतो, एवढाच माझा आणि विद्येचा व्यवहार. पण ज्याच्या घरात लाकडांपेक्षा पुस्तकं जास्त तो प्रोफेसर, अशी या गावची व्याख्या आहे, आणि बावीस वर्षांत मी ती मान्य केली आहे.

काम नेगोव्हानच्या गाडीचं. नेगोव्हान हा काका-काकूंचा एकुलता एक. व्हिएन्नात गवंडीकाम करायचा. थंडीत तिकडची बांधकामं बंद पडतात, म्हणून महिनाभर घरी यायचा. मागच्या जानेवारीच्या सत्ताविसाला पहाटे परत निघाला. वर खिंडीच्या चढावर इंजिन उकळलं, गाडी थांबली. तो प्लास्टिकचा कॅन घेऊन पाण्यासाठी झऱ्याकडे पायी उतरत होता. धुकं होतं, लाकडाचा ट्रक आला. गाडीला ओरखडाही नाही. पुलाजवळच्या गॅरेजवाल्या दालिबोरने ती ट्रॅक्टरने ओढून आणली, काकांनी त्याच दिवशी तिच्यावर ताडपत्री घातली, आणि तेव्हापासून ती अंगणात तशीच उभी आहे.

येत्या सव्वीस जानेवारीला नेगोव्हानचं वर्षाचं पोमाना. बेलग्रेडच्या पूर्वेकडच्या, होमोल्येच्या डोंगरातल्या आम्हा लोकांचं श्राद्ध म्हणायचं. मेलेल्याच्या नावाने जे इथे जिवंत माणसाच्या हाती द्यावं, ते त्याला तिकडे पोचतं. कपडे देतात, पलंग देतात, एकाने टीव्ही दिला होता. फ्लोरिकाकाकूंना गाडी द्यायची आहे. आणि ती चालती हवी. नादुरुस्त दिली तर तिकडेही नादुरुस्तच पोचणार. भाकड गाय दान देऊ नये, हे मी पाठशाळेत शिकलो होतो. गोदानापासून मोटारदानापर्यंत नियम तोच आहे.

काकू फाटकापाशी आल्या, तेव्हा मी याच सुरात काहीतरी बोलणार होतो. त्या म्हणाल्या, "रोज दिसतो मला. चालतोय. हातात कॅन आहे. वर्ष होत आलं, अजून चालतोच आहे."



३ डिसेंबर, सोमवार

ताडपत्री काढली. ती गोठून पत्र्यासारखी झाली होती. खाली पांढरी गाडी, वयाने सव्वीस वर्षांची.

बॉनेट उघडण्याआधी काकांनी मला माझ्या घरून वायरचा दिवा आणायला पाठवलं. त्यांच्या भिंतीवर दोन दिवे टांगलेले मला दिसत होते. पण नव्या नोकरीत पहिल्या दिवशी तर्क लढवू नये. दिवा दाराशीच होता, म्हणून लगेच परतलो. काका पुढच्या जाळीत हात घालून काहीतरी ओढत होते. बाहेर आला तो बिस्किटांच्या खोक्याचा तुकडा, ताटाएवढा, ओलाव्याने फुगलेला. मला बघताच त्यांनी तो कोटाखाली घातला.

"काय होतं?"

"उंदरांनी घरटं केलं होतं."

"कडा सरळ कापलेल्या होत्या, काका. तुमच्या उंदरांकडे पट्टी आहे वाटतं."

ते हसले नाहीत. शेडमध्ये गेले, शेगडीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी दिवा धरून उभा राहिलो, भर दुपारी.

आल्यावर रोग समजावून दिला. इंजिनाचे दोन भाग. खाली ब्लॉक, वर हेड. मध्ये कागदासारखी एक चकती, तिला गॅस्केट म्हणतात. आग, पाणी आणि तेल या तिघांना ती एकमेकांपासून वेगळं ठेवते. ती जळाली की तिघं एकमेकांच्या घरात शिरतात. त्यांनी तेलाचं झाकण उघडून दाखवलं. आत पिवळट साय जमली होती.

"तेलात पाणी," काका म्हणाले. "संसार संपला."

काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर गाडीवर उघडते. मी म्हटलं, काकूंची आपल्यावर नजर राहील. काका म्हणाले, "ती बाहेर बघत नाही. कधीच बघत नाही." पडदा हलताना मी स्वतः पाहिला होता, पण नवराबायकोच्या दर्शनशास्त्रात तिसऱ्याने पडू नये.

८ डिसेंबर, शनिवार

पाच दिवसांत इंजिन सोलून झालं. नळ्या, बेल्ट, धुराडं. प्रत्येक बोल्ट काकांनी पुठ्ठ्यावर चित्र काढून, चित्रात ज्या जागी असेल तिथे भोक पाडून खोवून ठेवला. तीस वर्षं तांब्याच्या खाणीत फिटर होते. हात अजून थरथरत नाहीत, फक्त जेवताना थरथरतात.

दालिबोर आला होता. नेगोव्हानच्या वर्गातला, एक्केचाळीस वर्षांचा, आणि गावात त्या वयाचा उरलेला एकटाच पुरुष. बाकीचे व्हिएन्नात आहेत आणि त्यांच्या बंद घरांच्या फाटकांवर सिमेंटचे सिंह बसले आहेत. दान मृताच्या वयाच्या माणसाला द्यायचं असतं, म्हणून गाडी दालिबोरलाच जाणार, हे काकूंनी ठरवून टाकलं आहे.

"काका, माझ्याकडे लिफ्ट आहे, दोन दिवसांत करून देतो," तो म्हणाला. "नेगोव्हानचं काम आहे. मला काही नको."

"तुला नको आहे, मलाही नको आहे. जमलं की आपलं."

"या प्रोफेसरला घेऊन करणार?"

"प्रोफेसर चांगला आहे. काही विचारत नाही."

कौतुक म्हणून मी ते स्वीकारलं. फिटर आणि गॅरेजवाला यांच्यात सवतीचं नातं असावं. खाणीतल्या माणसाला पुलावरच्या दुकानाचा हात लागलेला चालत नाही. रात्री बायकोशी, नेव्हेंकाशी फोनवर बोललो. ती बेलग्रेडला, रविवारी येते. म्हणाली, "तू आणि इंजिन? म्हाताऱ्याला मदत हवी आहे की प्रेक्षक?"

यावर 'मोटारदान' नावाचं वार्तापत्र लिहावं, असं मनात आहे. टिपणं काढतोय. माणसाच्या दुःखाशेजारी उभं राहून वाक्यं जुळवण्याची ही सवय काही चांगली नव्हे. पण ती आहे.

१४ डिसेंबर, शुक्रवार

उणे बारा. हेड निघालं. उकळून वाकलं होतं, ते घासून सपाट करून आणायचं म्हणून आम्ही दोघं मिनीबसने तालुक्याला गेलो. काकूंनी ते लोकरीच्या चादरीत गुंडाळून दिलं. मी मांडीवर घेऊन बसलो. समोरच्या म्हातारीने वाकून विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?"

"सव्वीस वर्षांचं," मी म्हटलं.

ती उठून मागे जाऊन बसली.

खिंडीचा चढ लागायच्या आधी बस थांबली. ड्रायव्हर उतरला, पुढच्या जाळीतून पुठ्ठ्याचा मोठा तुकडा ओढून काढला, आणून माझ्या पायाशी टाकला.

"हे काय?" मी विचारलं.

"गारठ्यात रेडिएटरपुढे लावतो, प्रोफेसर. वारा लागत नाही, इंजिन पटकन तापतं. चढाच्या आधी काढायचं."

"आणि विसरलं तर?"

"तर शिजतं. सासूच्या बटाट्यासारखं."

बस हसली. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. काचेवर बर्फाची फुलं होती, त्यातून बाहेरचं काही दिसत नव्हतं, तरी ते बघत होते. पायाशी तो पुठ्ठा पडला होता, त्यावर वॉशिंग मशीनचं चित्र. माझ्या मनात काहीतरी येऊ पाहत होतं. तेवढ्यात वळण आलं, हेड मांडीवरून घसरलं आणि ते सावरताना विचार निघून गेला.

झऱ्यापाशी लाकडी क्रूस आहे. काकांनी टोपी काढली नाही. बाकी सगळ्यांनी काढली.

कार्यशाळेत ग्वोझ्देन मिस्त्रीने हेडवर पोलादी पट्टी उभी धरली आणि पाठीमागून दिवा लावला. पट्टीखालून उजेडाची फट दिसली. काका बाहेर थांबले होते. सहा वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट ओढत.

"हे हळूहळू झालेलं नाही," मिस्त्री म्हणाला. "एका चढात झालंय. याला वाराच मिळाला नाही. कोण चालवत होतं?"

"आता ते नाहीत."

मिस्त्रीने पट्टी खाली ठेवली. "घासून देतो. सोमवारी पाठवतो बसने."

परतताना मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मिस्त्रीला हेड घासायला दिलंय. पंचांग बघायला नाही."

१९ डिसेंबर, बुधवार

हेड आलं. आरशासारखं. काकांनी त्यात तोंड पाहिलं आणि ते उलटं ठेवलं.

ब्लॉकवर चिकटलेली जुनी गॅस्केट मी खरवडतोय. तिसरा दिवस. काकांनी लोखंडाची पट्टी वापरू दिली नाही, लाकडाची खुरपणी करून दिली. बोटं बधिर होतात. चौथ्या सिलिंडरपाशी ती जळून काळी पडलेली जागा आहे, नखाएवढी. एवढ्याशा जागेतून एवढा माणूस गेला. हे वाक्य टिपणवहीत लिहिलं, मग खोडलं.

काका बोलत नाहीत. दुपारी काकू चहा आणतात, बॅटरीवर ठेवतात आणि जातात. दोघांना एकमेकांशी बोलताना मी या महिन्यात एकदाच ऐकलं, तेही कोंबड्यांबद्दल.

५ जानेवारी, शनिवार

आजचा दिवस लिहायला नको वाटतोय, म्हणून लिहितो.

नवी गॅस्केट बसवली, हेड वर चढवलं, काल संध्याकाळपासून बोल्ट आवळणं चाललं होतं. त्याचा एक क्रम आहे: मधून सुरुवात, मग दोन्हीकडे, कडेला शेवट. तीन फेऱ्यांत, थोडं थोडं. घाई केली की हेड पुन्हा वाकतं. तिसऱ्या फेरीत काकांचं मनगट दुखायला लागलं. त्यांनी लांब दांड्याचा पाना माझ्या हाती दिला. ताण पुरेसा झाला की तो 'टक्' वाजतो.

"टक् झालं की थांब. पाना म्हणजे लेखणी नव्हे, मनात येईल तोवर चालवायला."

सहा बोल्ट मी व्यवस्थित केले. सातव्याला खिडकी उघडली. काकू पहिल्यांदाच खिडकीतून बोलल्या.

"त्राइलो, टोपी घाल. तो निघाला त्या सकाळीही असाच बोडका उभा होतास गाडीपाशी. अंधारात, वाकून. म्हटलं, याला थंडी बाधणार."

काका जागीच थिजले. मी दोघांकडे बघत राहिलो आणि हात दांडा ओढत राहिला. टक् झालं असेल, मी ऐकलं नाही. मग निराळाच आवाज आला, आणि पाना एकदम हलका झाला. बोल्टचं डोकं पान्यात, धड ब्लॉकमध्ये.

काका पांढरेफटक पडले. त्यांना असं मी अंत्यविधीलाही पाहिलं नव्हतं. मी क्षमा मागितली, पुन्हा मागितली. त्यांनी ऐकलंच नसावं. ते बंद झालेल्या खिडकीकडे बघत होते, आणि शेवटी म्हणाले, "घरी जा, प्रोफेसर."

म्हणजे हेड पुन्हा उतरवायचं, तुटका बोल्ट काढायचा, आणि एकदा दाबली गेलेली गॅस्केट परत वापरत नाहीत म्हणून ती नवी आणायची. तीन आठवडे उरलेत. गाडी चालती झाली नाही तर काकू पोमाना करतील, पण द्यायला काही नसेल. तो चालतच राहील, आणि ते माझ्या मनगटामुळे.

६ जानेवारी, रविवार

इथल्या जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळची पूर्वसंध्या. आज चुलीत जाळायच्या ओकच्या फांदीसाठी सगळे पुरुष पहाटे रानात गेले. काका गेले नाहीत. त्यांच्या धुराड्यातून धूर निघाला, तो रोजचाच. नेव्हेंका म्हणाली, जाऊन माफी माग. दोनदा गेलो. दोनदा फाटकावरून परतलो.

९ जानेवारी, बुधवार

काका स्वतः बोलवायला आले. "हेड उतरवलंय. ये, दिवा धर."

तुटका बोल्ट ब्लॉकच्या वर दाण्याएवढा दिसत होता. त्यांनी तो ब्लोलॅम्पने तापवला, मग खिशातून मेणबत्ती काढून तिचं टोक त्यावर टेकवलं. मेण वितळून आट्यांमध्ये उतरलं. गार होऊ दिलं. पुन्हा तापवलं, पुन्हा मेण. पोमानासाठी काकू स्वतः मेणबत्त्या वळताहेत, त्यांतलीच ती होती. सबंध सकाळ हेच चाललं. अकराव्या खेपेला त्यांनी पकडीने धरून मुंगीच्या पावलाने फिरवलं, आणि बोल्ट हलला.

"काका, चूक माझी होती," मी म्हटलं.

"गप्प बस."

"मी लोकांनाही सांगीन. तुमच्यावर बोल यायला नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.  "तू भला माणूस आहेस, प्रोफेसर," ते म्हणाले. "तुला काही म्हणजे काही कळत नाही."

१२ जानेवारी, शनिवार

नवी गॅस्केट कुठे मिळेना. तालुक्याला नाही, पलीकडच्या शहरात नाही. आज दालिबोर आला आणि एक पातळ पाकीट त्याने भिंतीवर ठेवलं. रुमानियाच्या हद्दीपर्यंत जाऊन आणली होती.

काका हात पुसत राहिले. उचलली नाही.

"काका," दालिबोर म्हणाला, "मी त्या दिवशी गाडी ओढून आणली. बॉनेट उघडलं नव्हतं. काही बघितलंही नाही."

"मी विचारलं का तुला?"

"नाही. पण मी गेलं वर्षभर कुणाला सांगितलंही नाही की मी काही बघितलं नाही. म्हटलं, तुम्हाला सांगावं."

न्यायशास्त्रातही हे वाक्य कुठल्या प्रमाणात बसवावं कळेना. काकांना मात्र बसलेलं दिसलं. ते शेडच्या पायरीवर मटकन बसले. दालिबोर त्यांच्या शेजारी बसला. मग दोघांनी रकिया, म्हणजे घरची दारू घेतली, एकाच पेल्यातून. मला कुणी विचारलं नाही. सवती एकत्र आल्या तर बरंच आहे.

२० जानेवारी, रविवार

इंजिन सुरू झालं.

बोल्ट या वेळी सगळे काकांनीच आवळले. मी फक्त क्रम मोठ्याने वाचत होतो. तेल नवं, पाणी नवं. किल्ली फिरवली, दोनदा खोकलं आणि लागलं. सायलेन्सरमधून पांढरा धूर, इतका की अंगण दिसेना. पाठशाळेत पहिल्या दिवशी शिकवतात, धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं. इथे पांढऱ्या धुरावरून पाण्याचं करतात. काका म्हणाले, आत राहिलेलं आहे, जाईल. दहा मिनिटांत गेलं. धूर निळसर झाला, मग दिसेनासा झाला.

काका ड्रायव्हरच्या जागेवर बसून होते. गाडी जागेवरच चालू. तापमानाचा काटा मध्यावर आला आणि थांबला. ते काट्याकडे बघत बसले. अर्धा तास. तास. मी म्हटलं, "काका, झालं की. चालली."

"आता चालली," ते म्हणाले.

काकू बाहेर आल्या. वर्षभरात त्यांनी गाडीला हात लावलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी बॉनेटवर हाताचा मागचा भाग टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा, आणि ठेवला. काचेपलीकडे काका होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं की काय, मला सांगता येणार नाही. काच घामेजली होती.

२६ जानेवारी, शनिवार

पोमाना झालं. क्रमाने लिहितो, नाहीतर गोंधळ होईल.

अंगणात लांब टेबलं, साठ-सत्तर माणसं. व्हिएन्नाहून दोन मिनीबस आल्या होत्या. वेणीचे पाव, शिजवलेले गहू, भाजलेलं डुक्कर, कोबीच्या पानांतले मुटके. टेबलांच्या टोकाशी एक रिकामी खुर्ची, तिच्यावर नेगोव्हानचा नवा कोट, पुढे भरलेलं ताट. थंडीने ताटातली चरबी लगेच थिजली. फाटकापाशी गाडी उभी, दाराच्या मुठीला लाल टॉवेल बांधलेला, बॉनेटवर काकूंनी वळलेली मेणबत्ती. इंजिन चालू ठेवलं होतं. काकांचा तो हट्ट होता, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून.

देण्याची रीत अशी. देणारा पेटत्या मेणबत्तीसकट वस्तू हातात देतो आणि कुणासाठी ते मोठ्याने म्हणतो. घेणाऱ्याने दर वेळी म्हणायचं, 'बोग्दाप्रोस्ती'. देव क्षमा करो. ते न म्हणता घेतलं तर दान अडकून राहतं. दालिबोर काळ्या कोटात उभा होता. पाव घेतला, म्हणाला. टॉवेल घेतला, म्हणाला. पाण्याचा कॅन घेतला, भरलेला, आणि म्हणताना त्याचा आवाज फाटला.

मग किल्ली. ती बापाने द्यायची. काका पुढे झाले.

"ही गाडी," ते म्हणाले, "दालिबोर, तुझ्या हातात, आणि त्या लोकात माझ्या नेगोव्हानच्या..." आणि थांबले.

सगळे वाट बघत राहिले. मेणबत्तीचं मेण त्यांच्या बोटांवर ओघळत होतं. हात थरथरत नव्हता.

"ही मीच बिघडवली होती," काका म्हणाले. "माझ्या या हातांनी. दुसऱ्या कुणी नाही. ऐका सगळे. मी."

कुणी हललं नाही.  एका बोल्टपायी, माझं नाव गावात जाऊ नये म्हणून, पंचाहत्तर वर्षांच्या फिटरने साठ माणसांपुढे आपली कारागिरी बुडवली होती. मी पुढे होऊन खरं सांगणार होतो. दालिबोरने माझा दंड धरला. इतका घट्ट की अजून दुखतोय.

मग त्याने किल्ली घेतली. "बोग्दाप्रोस्ती, काका," म्हणाला.

आणि इथे विधीत एक चूक झाली. त्याच्या मागोमाग काकूंनीही तेच म्हटलं. त्या घेणाऱ्या नव्हेत, देणाऱ्यांपैकी. त्यांच्या हाती कुणी काही दिलं नव्हतं. किल्लीकडेही त्या बघत नव्हत्या. काकांच्या समोर उभ्या राहून, स्पष्ट, शब्द तोडून म्हणाल्या. म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग काकूंनीच काकांना काखेत धरलं आणि मेणबत्ती त्यांच्या हातून काढून घेतली, बोटं भाजत होती म्हणून.

दालिबोर गाडी घेऊन निघाला. पहिला प्रवास नेगोव्हानचा, म्हणून शेजारची जागा रिकामी. गाडी खिंडीच्या रस्त्याला लागली. अंगणात कुणी घास उचलला नाही. आवाज वर वर जात राहिला, वळणांमागे दडला, पुन्हा आला, पातळ झाला. झऱ्यापाशी थांबला नाही. मग नाहीसा झाला.

"गेला," काकू म्हणाल्या. "आता जेवा."

मी टिपणवही शेगडीत टाकली आहे. हे वार्तापत्र लिहायचं नाही.

२७ जानेवारी, रविवार

लांब दांड्याचा पाना माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला अकराच्या सुमारास गेलो. शिवाय कालच्या विधीबद्दल विचारायचं होतं. देणाऱ्याच्या बायकोने घेणाऱ्याचे शब्द म्हणावेत, असा काही पोटनियम आहे का, की दुःखात जीभ घसरली.

स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. काका चुलीशेजारच्या बाकावर आडवे झालेले, बूट पायांतच, तोंड उघडं, गाढ झोपेत. नेगोव्हानचा नवा कोट अंगावर घातलेला. काकू टेबलापाशी बसल्या होत्या. पुढे दोन कप कॉफी, दोन्ही निवलेले. त्यांनी आपलाही प्यायला नव्हता.

ओठांवर बोट ठेवून त्यांनी मला दारातच थांबवलं.

"वर्षात पहिल्यांदा झोपलाय," त्या हळूच म्हणाल्या. "काही महत्त्वाचं होतं?"

"नाही, काकू," मी म्हटलं. "शास्त्रार्थच होता."

पाना उंबऱ्याशी ठेवला आणि आवाज न करता घरी आलो.